झाकण उघडलं होतं, नाही झाली चालू

मिल्या, मरणाऱ्या माणसाचा शब्द कोर्टातसुद्धा खरा धरतात म्हणे. तुझं प्रकरण कोर्टात गेलं नाही हे बरं झालं. कारण माझ्या घरासमोर, पुनावळ्याचा चढ संपतो तिथं, गाडी नीट मधल्या स्टँडला लावून, रस्त्याकडेच्या दगडावर बसून तू मला जे शेवटचं वाक्य ऐकवलंस ते धडधडीत खोटं होतं.

"रम्या, झाकण उघडलं होतं. नाही झाली चालू."

एवढं बोललास, पाणी मागितलंस, आणि मी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत तू दगडावरून कलंडला होतास. इतक्या वर्षांत तू मला शिव्या दिल्यास, चारचौघांत माझी टिंगल केलीस, माझ्या डब्यातली भाजी चाखून तिच्यावर परीक्षण लिहिल्यासारखं बोललास. पण खोटं कधी बोलला नाहीस. आयुष्यातलं पहिलं खोटं बोललास आणि लगेच निघून गेलास. उलटतपासणीलासुद्धा थांबला नाहीस.

आता तुला माहीत असलेलंच मी तुला परत सांगणार आहे. माझ्या तोंडून गोष्ट ऐकायला तुला आवडायचं. वर म्हणायचास, "रम्या, मीठ जास्त टाकतोस." टाकतो. आज तर मुद्दाम टाकणार आहे. थांबव बघू.

चाकणच्या कंपनीत तू मेंटेनन्सला, मी टूलरूमला. कंपनीच्या बसमध्ये मी आधी चढायचो आणि तुझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचो. तू भोसरीला चढायचास. जागा धरली म्हणून कधी आभार मानले नाहीस. बसायच्या आधी काच हलवून बघायचास आणि म्हणायचास, "रबर गेलंय हिचं." ती तुझी गुड मॉर्निंग होती.

आपल्याकडं सकाळच्या मीटिंगला बोर्डावर पाच 'का' लिहायची पद्धत. मशिन बंद पडलं. का? बेअरिंग गेलं. ते का? तेल मिळालं नाही. असं विचारत पाचव्या 'का'पर्यंत जायचं, म्हणजे दोष मुळाशी सापडतो. तुझा दोष दुसऱ्या 'का'लाच सापडलेला असायचा. उरलेले तीन 'का' तू तुझ्या उत्तराला शोभतील असे बेतायचास. आणि चीड कशाची यायची सांगू? बहुतेक वेळा तू बरोबर निघायचास. बरोबर असणाऱ्या माणसाशी मैत्री करणं म्हणजे काय छळ असतो हे ज्यानं केलं त्यालाच माहीत.

फक्त तुझ्या त्या गाडीपुढं तुझं चालेना. तुझी लेक प्रज्ञा जन्मली त्या वर्षी घेतलेली शंभर सीसीची मोटारसायकल. टाकीवरचं नाव पुसलं गेलेलं, पण रंग असा की आजही त्यात बघून भांग पाडावा. कारण टाकीला कायम कव्हर. रंजना वहिनी भोसरीच्या एका दुकानासाठी घरी बसून गाड्यांची सीट कव्हरं शिवतात, आणि उरलेल्या रेक्झिनमधून तुझ्या टाकीला अंगरखा. काळं रेक्झिन, कडेला लाल पायपिंग, आणि पेट्रोलच्या झाकणावर टिचबटणांनी बंद होणारी झडप. मागच्या उन्हाळ्यात जुनं कव्हर फाटलं तर त्यांनी नवं शिवलं, पहिल्यापेक्षा घट्ट, पहिल्यापेक्षा देखणं. सिग्नलला लोक विचारायचे, कुठून शिवलं? तू म्हणायचास, "घरचं आहे." असं म्हणायचास, जणू घरचं दूध आहे.

आणि मग गाडीला ते दुखणं लागलं. सकाळी पहिल्या किकला चालू. आठ-दहा किलोमीटर अशी पळायची की तू गाणं म्हणायचास. मग दोन-तीन गचके, आवाज बारीक, आणि बंद. पेट्रोल संपल्यासारखी. टाकी हलवून बघावी तर आत पेट्रोल डुचमळतंय. बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं, की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू.

गुरुवारी आपल्या भागात कारखान्यांना सुट्टी. म्हणजे गुरुवारी तुझ्या दिघीच्या घरासमोर दवाखाना. तू म्हणालास, कार्बोरेटर. मी म्हणालो, बरं. तू कार्बोरेटर खोलून वाटी धुतलीस, जेटमधून फुंकर मारलीस, फ्लोटची सुई बदललीस. पुढच्या आठवड्यात गाडी बंद पडली. तू पेट्रोलचा कॉक बदललास. बंद पडली. पाइप बदललास. बंद पडली. मग मी तोंड उघडलं, आणि तिथून आपलं वाजलं.

"टाकीतून पेट्रोल खाली उतरतं," मी म्हणालो, "तर वरून तेवढी हवा आत यायला नको? हवा नाही आली तर पेट्रोल वरच लटकून राहणार."

"हवा कुठून येते, शास्त्रीबुवा?"

"झाकणाला बारीक भोक असतं ना."

तू झाकण काढलंस. वहिनींच्या डब्यातली सुई आणलीस आणि त्या भोकातून आरपार घातलीस. माझ्या नाकासमोर धरून फिरवलीस. "दिसलं? सुई इकडून गेली, तिकडून आली. बोल आता."

"मग दुसरं काही असेल. पण हवाच आहे."

"दुसरं काही! रोग माहीत नाही, पण औषध माझंच. वा रे डॉक्टर."

मी हट्टाला पेटलो. स्वयंपाकघरात गेलो, वहिनींचा तेलाचा पत्र्याचा डबा उचलला. "वहिनी, नवीन डब्याला तुम्ही दोन भोकं का पाडता?"

"एकातून तेल नीट येत नाही म्हणून."

"बघ! बघ मिल्या! बायकांना कळतं ते तुला कळत नाही!"

"डब्याला कॉक आहे?" तू दारातून म्हणालास. "फ्लोट आहे? किक मारून चालू होतो? मग डबा मध्ये आणू नकोस."

मी एका भोकावर अंगठा दाबून डबा तिरका केला, आता बघ धार कशी अडते म्हणून. अंगठा तेलकट होता. डबा सटकला. वहिनी फरशीकडं बघत म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं शास्त्र पुसून घ्या आधी." तू भिंतीला धरून हसलास. त्या दिवशी मी गुडघे टेकून तुमची फरशी पुसली आणि मनात म्हणालो, मिलिंदा, एक दिवस तुला हे गिळायला लावीन.

तुझी तपासणीची पद्धत मात्र सुंदर होती, हे कबूल करतो. आधी कव्हर काढायचास, घडी करून गॅलरीत ठेवायचास, कारण रेक्झिनवर पेट्रोलचा थेंब पडला तर वहिनी तुला दारात उभं करणार नाहीत. मग झाकण उघडून आत बॅटरी मारायचास. मग कार्बोरेटरकडचा पाइप सोडून बाटलीत धरायचास आणि कॉक उघडायचास. धार अशी पडायची की बाटली बघता बघता भरावी. "इथपर्यंत सगळं ओके," तू जाहीर करायचास. "म्हणजे दोष याच्या खाली." दर गुरुवारी तीच बाटली, तीच धार, तोच निकाल. आणि शुक्रवारी गाडी पुन्हा कुठंतरी बंद.

हे इथवर मजेतच होतं. कडू केलंस ते तू. सकाळच्या मीटिंगमध्ये. प्रेस का थांबला यावर चर्चा चालली होती आणि तू अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "रमेशला विचारा. त्याच्या मते हवा कमी पडली असेल." सगळं डिपार्टमेंट हसलं. नंतर कँटीनला वरणात मीठ कमी, तर हवा कमी. बस उशिरा आली, हवा कमी. लोकांना हसवणं हे माझं खातं, मिल्या. त्या खात्यात तू हात घातलास. मी तुझी खिडकीची जागा धरणं बंद केलं. तू उभ्यानं चाकण गाठायचास आणि माझ्याकडं बघायचाही नाहीस. दोन टकले पुरुष शाळकरी पोरींसारखे अबोला धरून बसलेले. बसचा ड्रायव्हर आरशात बघून हसायचा.

पण तेव्हाही मी हे विसरलो नव्हतो की टूलरूममधली माणसं कमी करायची ठरली तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये न बोलावता शिरणारा तू होतास. आत काय बोललास ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मी आभार मानायला तुझ्यापाशी आलो, तर म्हणालास, "तुझ्यासाठी नाही बोललो. डाय बसवायला कुणी उरत नव्हतं." साधं, चांगलं माणूस असणं तुला जमतच नव्हतं का रे? उपकारसुद्धा चिमटा काढूनच करायचास.

पैज शेवटी बसमध्येच लागली. तू माझ्या सीटजवळ दांडीला धरून उभा होतास. वर बघत म्हणालास, "गुरुवारी येतो तुझ्याकडं. दिघी ते पुनावळे. कव्हर घालून, झाकण लावून, रोजच्यासारखं."

"बंद पडली की लगेच झाकण उघडायचं," मी म्हणालो. "परत लावायचं आणि किक मारायची. थांबायचं नाही, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. चालू झाली तर माझं खरं."

"आणि नाही झाली तर?"

"तर तुझं."

"हरेल त्यानं मीटिंगमध्ये उभं राहून म्हणायचं," तू म्हणालास, "माझं निदान चुकलं. असंच, या शब्दांत. गोष्ट लावायची नाही पुढं-मागं."

ते शेवटचं माझ्यासाठी होतं. मी सरकून जागा दिली. तू बसलास. काच हलवून बघितलीस.

गुरुवारी सकाळी मी गेटसमोर खुर्ची टाकून बसलो होतो, निकाल ऐकायला बसतात तसा. बायको म्हणाली, "आवो, लग्नाची वरात यायचीये का?" मी म्हणालो, त्याहून मोठं काही. आणि तू वळणावर दिसलास. ढकलत. हँडलवर वाकलेला, पाय मागं रेटत, चढ चढणारा. मी काय समजलो असेन? ढकलत येतोय म्हणजे झाकण उघडून काही झालं नाही. म्हणजे संपलं. तू जवळ येईपर्यंत मी उद्याच्या मीटिंगचं वाक्य मनात म्हणायला लागलो होतो. तुझा शर्ट पाठीला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि त्याही चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू होतं. त्या हसण्याकडं बघण्यात माझं तुझ्या ओठांकडं लक्ष गेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय आतून बरंच आधीपासून खराब होतं, कधीही झालं असतं. कधीही! मग टीव्हीसमोर व्हायचं, बसमध्ये व्हायचं, सासुरवाडीला व्हायचं. माझ्याच चढावर कशाला? अंत्ययात्रेत एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मित्राच्या दारात गेला, भाग्यवान." दुसरा म्हणाला, "तुम्हाला भेटायला निमित्त पाहिजे म्हणून गाडी नादुरुस्त ठेवत असेल हो." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढच्या रांगेत निघून गेला. तू निमित्त शोधणारा माणूस नव्हतास. तुला गाडी दुरुस्त करायची होती आणि मला खोटं पाडायचं होतं. मैत्रीची असली गुळचट भेसळ मी तुझ्यात होऊ देणार नाही.

गाडी माझ्याच दारात राहिली. वहिनींनी निरोप पाठवला, राहू द्या थोडे दिवस, डोळ्यांसमोर नको. मी तिच्यावर चादर टाकली. तू जिंकला होतास, मी हरलो होतो, आणि ते ऐकायला तू नव्हतास, एवढंच माझं दुःख होतं. बरं चाललं होतं रे. सोपं दुःख होतं.

मग अंडरपासजवळच्या चहावाल्यानं मला हाक मारली. बालाजी, लातूरकडचा, टपरीवर नवाच आलेला. "काका, ते जुन्या गाडीवाले काका गेले म्हनं?"

मी म्हणालो, हो.

"अरारा. इथंच थांबलते की. माझ्या टपरीम्होरंच गाडी बंद पडली. मी बघायलतो. त्यांनी ते वरचं रेक्झिन उचललं, झाकण उघडलं, तर फुस्स आवाज आला. कुकरवानी. मग झाकण लावलं, किक मारली. एका किकला चालू!"

मी त्याला म्हणालो, परत सांग.

"एका किकला, काका. पर चालूच ठिवून उभे राहिले. मला वाटलं झाकणाकडं बघायलेत. न्हाई. ते वरचं रेक्झिन हाय ना, त्येच उलटं करून बघायलते. आतून बोटानं दाबायलते. मग काय मनात आलं की, गाडी बंद केली. रेक्झिन खाली घेतलं, बटनं लावली, टक टक. वरून हातानं पुसलं. अन् निघाले ढकलत! मी म्हनलो, काका, म्होरं चढ हाय, चालू झालेली गाडी कामून ढकलायलात?"

"मग काय म्हणाला?"

"म्हनले, 'चालू झाली म्हणून काय झालं!'" बालाजी हसला, आणि मग हसू नये हे आठवून त्यानं माझ्यापुढं चहा ठेवला.

मी घरी आलो आणि चादर ओढून काढली. झडप उघडली. मिल्या, इतक्या गुरुवारांत आपण दोघांनी जी गोष्ट उलटी करून बघितली नाही ती तिथं होती. नव्या कव्हरच्या झडपेला वहिनींनी आतून जाड फोमचं अस्तर लावलंय, झाकणाला चरा पडू नये म्हणून. टिचबटणं लावली की ते अस्तर झाकणातल्या भोकावर गच्च बसतं. आपण दर वेळी आधी कव्हर काढायचो आणि मग रोग शोधायचो. रोग घडी करून गॅलरीत ठेवायचो आणि टाकीत बॅटरी मारायचो.

मी झडप लावली आणि गाडी घेऊन निघालो, मारुंजी, हिंजवडी, परत. परतताना तिनं गचके दिले आणि बंद पडली. मी झाकण उघडलं. फुस्स. ज्या आवाजासाठी मी इतका भांडलो, तेल सांडलं, अबोला धरला, तो आवाज रस्त्याच्या कडेला मी एकट्यानं ऐकला. बाजूनं डंपर गेला. एका किकला चालू झाली. मी बरोबर होतो. मिल्या, मी बरोबर होतो आणि मला तुझी कॉलर धरायची होती.

आता तू का ढकललीस याची दोन कारणं माझ्यापुढं आहेत. एक म्हणजे तुला हरायचं नव्हतं. गाडीवर बसून येतास तर मीटिंगमध्ये उभं राहावं लागलं असतं. तो चढ तुला त्या तीन शब्दांपेक्षा सोपा वाटला. हे तुला शोभतं.

दुसरं कारण मला आवडत नाही. तू टपरीसमोर ते अस्तर बोटानं दाबत उभा होतास तेव्हा तुझ्या डोक्यात बोर्ड लिहिला जात असणार. गाडी का बंद पडते? पेट्रोल उतरत नाही. का? हवा जात नाही. का? झाकणाचं भोक दबतं. का? वरून जाड अस्तर आहे. का? आणि पाचव्या 'का'पुढं वहिनींचं नाव. मग ते नाव कँटीनमध्ये फिरलं असतं, बसमध्ये फिरलं असतं, आणि फिरवलं कुणी असतं? मीच. मिलिंदच्या बायकोनं गाडीचं नाक दाबून धरलं, यावर मी वर्षभर जेवलो असतो. मला ओळखणारा तूच एक होतास.

मला पहिलं कारण पाहिजे. पहिल्या कारणावर चिडता येतं. म्हणून मी तेच धरून बसलोय, आणि तू नेहमीप्रमाणं काही सांगत नाहीस.

पण पहिलं असो की दुसरं, गाठ माझ्या गळ्यात बांधून गेलास. हे खरं आता मी कुणाला सांगू? ज्या बाईनं नवऱ्याच्या टाकीला चरा पडू नये म्हणून मऊ अस्तर शिवलं, तिला जाऊन सांगू, वहिनी, तुमच्या त्या अस्तरामुळं गाडी बंद पडत होती, आणि ती ढकलत असताना हे गेले? जिंकलेला माणूस इतका अडकलेला मी पाहिलेला नाही.

बरं, गप्प बसायचीही सोय नाही. प्रज्ञानं सांगितलं, "काका, बाबांची गाडी मी वापरणार आहे. कव्हरसकट." चाकणच्या रस्त्यावर, ट्रेलरच्या मध्ये, तुझी पोर, आणि गाडी मध्येच बंद! मी सुई तापवली. अस्तराला आतून भोकं पाडली, कडेची शिवण दोन ठिकाणी उसवून हवेला वाट केली. वरून बघितलं तर काही कळत नाही, लाल पायपिंग जिथल्या तिथं. मग गाडी दिघीला नेली आणि वहिनींच्या डोळ्यांदेखत कार्बोरेटर खोलला. वाटी धुतली. जेटमधून फुंकर मारली. तुझ्यासारखीच मान तिरकी करून जेटमधून आभाळाकडं बघितलं. जेट स्वच्छ होता. तूच साफ केला होतास, साफच असणार. मी म्हणालो, "हं. इथं कचरा होता."

नाटकात मी नेहमी चांगला होतो, पण एवढं हलकं काम कधी केलं नव्हतं.

काही दिवसांनी वहिनींचा फोन. "भाऊजी, प्रज्ञा म्हणते गाडी आता कुठंच थांबत नाही. कार्बोरेटरच होता ना मग?"

"हो वहिनी. कार्बोरेटरच."

"म्हणजे ह्यांचंच बरोबर होतं."

"त्याचंच."

मग म्हणाल्या, "मला त्या दिवशी निघताना सांगून गेले होते. म्हणाले, रम्याला आज सगळ्यांसमोर म्हणायला लावतो बघ. तुमचं ठरलं होतं ना तसं?"

"ठरलं होतं."

"मग म्हणा. पुण्यानुमोदनाला कंपनीतले सगळे येणारच आहेत. मलाही ऐकायचंय. त्यांना किती आवडलं असतं."

मी हो म्हणालो.

काल दिघीच्या विहारात कार्यक्रम झाला. गुरुवारच होता, त्यामुळं तिन्ही शिफ्टचे लोक आले. मेंटेनन्सवाले, टूलरूमवाले, बसचा ड्रायव्हरसुद्धा, इस्त्रीच्या शर्टात. त्रिशरण पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, असं सगळ्यांबरोबर मीही हात जोडून म्हणालो. त्यानंतर दोघा-तिघांची भाषणं झाली, आणि मग माझं नाव पुकारलं. लोक सावरून बसले. रमेश बोलणार म्हटल्यावर बसतात तसे.

मिल्या, तुझ्यावर माझ्याकडं चाळीस गोष्टी तयार आहेत. एकेका गोष्टीत हा हॉल रडवला आणि हसवला असता. मी तोंड उघडलं आणि मला तुझी अट आठवली, गोष्ट लावायची नाही पुढं-मागं.

"मिलिंद म्हणायचा, कार्बोरेटर आहे," मी म्हणालो. "मी म्हणायचो, हवा आहे. कार्बोरेटर साफ केला. गाडी आता बंद पडत नाही. माझं निदान चुकलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "अखेर बोलला!" हॉलमध्ये हसू पसरलं, ओलं हसू, रुमाल नाकाला लावून हसतात तसं. आमचे सुपरवायझर मान हलवत होते. प्रज्ञानं आईचा हात दाबला. पांढऱ्या साडीत रंजना वहिनी ताठ बसल्या होत्या, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना दिमाखात बघितलं. बरोबर निघालेल्या माणसाची बायको.

मी खाली येऊन बसलो. हातात काही नसल्यासारखं वाटत होतं. लोक उठले, चपला शोधायला लागले, कुणी पाठीवर थाप मारून गेलं, "हवा गेली रे रमेश!" मी हसलो. हसणं माझं खातंच आहे.

वहिनी स्वतः चहाचा कप घेऊन माझ्यापाशी आल्या. कप माझ्या हातात देऊन समोर उभ्या राहिल्या. माझा चेहरा काय सांगत होता कुणास ठाऊक.

"भाऊजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नका. चुकतं माणसाचं. हे असते तर त्यांनी काही मनात ठेवलं नसतं."

"हो वहिनी," मी म्हणालो.